पाण्याच्या काठी दोन रात्री

मे महिना लागला की विचारणा सुरू होते. परीक्षा संपल्या, मुलं घरात धिंगाणा घालतात, दोन दिवस कुठं घेऊन जावं? खर्च फार नको, अम्मी-अब्बांना झेपायला हवं, नमाजची सोय हवी आणि जेवणाचा घोळ नको. इतक्या अटींत बसणाऱ्या जागा थोड्याच. आमचं उत्तर गेली काही वर्षं एकच आहे: भंडारदरा.

नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कड्याला टेकून हा मुलूख आहे. नाशिकहून साधारण 70 किलोमीटर, मुंबई-पुण्याहून 170-180 च्या घरात. मुंबईकडून येणाऱ्यांनी कसारा घाट चढून घोटी गाठायची आणि तिथून उजवीकडे वळायचं. रेल्वेने यायचं तर इगतपुरीला उतरून पुढे जीप. वाटेत बारी गाव लागतं. त्याच्या डोक्यावर कळसूबाई, 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. बारी ओलांडली की शेंडी. धरणाला लागून असलेलं हे बाजाराचं गाव, मुक्काम बहुतेकांचा इथेच किंवा आसपास असतो.

लोक ‘आर्थर लेक’ म्हणतात तो तलाव निसर्गाने केलेला नाही. रतनगडाच्या कुशीत उगम पावणारी प्रवरा इथे अडवली आहे. धरणाचं काम 1910 ला सुरू झालं आणि 1926 ला संपलं. दगड-चुन्याचं बांधकाम, उंची 82 मीटर, साठा 11 टीएमसी. मुंबईचे त्या वेळचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. पाणी कालव्यांनी खाली संगमनेर, श्रीरामपूरच्या बाजूला गेलं, तिथं ऊस उभा राहिला आणि 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीतून लोणीला सहकारी साखर कारखान्याचं धुराडं पेटलं. सकाळच्या चहातल्या साखरेचा एक धागा या पाण्यापर्यंत येतो, हे मुलांना काठावर बसवून सांगितलं की त्यांना भूगोल वेगळाच दिसायला लागतो.

गंमत म्हणा की दुःख, ज्या डोंगरांवर एवढा पाऊस पडतो त्या डोंगरातल्या वाड्यांना उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण असते. घाटघरला तर नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. पण खडक पाणी धरत नाही, उतार पाणी ठेवत नाही. एप्रिल-मेमध्ये झरे आटतात, समोर धरण दिसत असतं आणि बाई डोक्यावर हंडा घेऊन चढ चढत असते. म्हणून आमचं पहिलं सांगणं हे: गावातल्या कुणाच्या घरी उतरलात तर बादली जपून वापरा. तिथं शॉवर मागू नका. वुजूला एक तांब्या पुरतो, आणि वाहत्या नदीकाठी असलो तरी पाणी उधळायचं नाही ही शिकवण आपल्याला नवी नाही.

कधी जावं याला तीन उत्तरं आहेत. पावसाळ्यात कडे-कपारी पांढऱ्या धारांनी भरतात, धरण बहुतेक वर्षी ऑगस्टच्या मध्याला काठोकाठ येतं आणि रंधा धबधबा सुमारे 170 फुटांवरून कोसळतो. देखणं असतं, पण धुकं, निसरडे रस्ते आणि सुट्टीच्या दिवशी मैलभर गाड्या. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर आम्ही ही वेळ सुचवत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भात पोटरीला येतो, उतारावर खुरासणीची पिवळी फुलं पसरतात, पाणी भरलेलं असतं, हवा स्वच्छ असते. कुटुंबासाठी हाच काळ उत्तम. आणि तिसरा काळ मेच्या मध्यापासून पहिल्या मोठ्या पावसापर्यंतचा. तो काजव्यांचा. त्याबद्दल पुढे.

आता जे मनात आहे ते बोलतो. आमच्या कुटुंबांच्या सहली आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत, स्वतःच्या घरच्याही. चित्र ठरलेलं असतं. गाडी थांबली की मर्द आणि मुलगे पाण्याकडे पळतात. झाडाखाली चटई पडते आणि तिच्यावर अम्मी, चाची, भाभी, दोन मोठ्या मुली बसतात. डबे उघडायचे, पानं वाढायची, लहानग्याला थोपटायचं, चपला सांभाळायच्या. संध्याकाळी परत. घरी आल्यावर विचारलं, काय पाहिलंस? तर म्हणते, छान होतं, हवा छान होती. घरात जे करते तेच तिने 170 किलोमीटरवर जाऊन केलं, फक्त गॅस नव्हता.

यावर पर्द्याचं कारण पुढे केलं जातं. आम्हाला ते पटत नाही. बुरखा घातलेली बाई चालू शकते, चढू शकते, होडीत बसू शकते, दुर्बिणीतून पक्षी बघू शकते. अडचण कपड्याची नसते, चटईवर कोण बसणार हे आधीच ठरलेलं असतं ही अडचण असते. एका सफरीत रसूलुल्लाह (स.) यांनी काफिल्याला पुढे जायला सांगून हजरत आयशा (र.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती. त्या जिंकल्या. पुढे कितीतरी दिवसांनी पुन्हा शर्यत झाली तेव्हा आप (स.) जिंकले, आणि हसून म्हणाले की ही त्याची परतफेड. ही रिवायत आपल्या मुलांना सांगितली जाते का, हे घरोघरी विचारून पाहावं.

मागच्या खेपेला आम्ही घरची अकरा माणसं होतो. निघण्याआधीच ठरवलं की वाढण्याचं आणि बाळ सांभाळण्याचं काम पाळीने. दुपारी चटईवर दोन चाचा बसले, बाळ घेऊन. कुरकुरले थोडे, पण बसले. दादींना होडीत बसायचं होतं आणि भीतीही वाटत होती. काठावर एकाकडे चौकशी केली तर अकरा माणसांना चारच लाइफ जॅकेटं. “लांब नाही जायचं, काय होतंय,” असं तो म्हणाला. आम्ही सलाम करून पुढे निघालो. दुसऱ्या होडीवाल्या दादांकडे सगळ्यांना पुरतील एवढी होती, पैसे थोडे जास्त. त्यांनी दादींचा हात धरायला आपल्या बायकोला बोलावलं, “आजी, मधी बसा, कडंला नको,” म्हणाले, आणि होडी निघाली. समोर रतनगडाचं टोक, त्याच्या शेजारी खुट्ट्याचा सुळका, डोंगराची सावली पाण्यात हलत होती. दादी पंधरा मिनिटं एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांना आम्ही इतका वेळ गप्प पहिल्यांदाच पाहिलं.

होडीची गोष्ट निघाली म्हणून पाण्याबद्दल सविस्तर लिहितो. दर सुट्टीत धरणाकाठी बुडून गेलेल्या मुलांच्या बातम्या छापून येतात आणि त्यांत आपल्या मोहल्ल्यातली नावं असतात. बहुतेकांत गोष्ट एकसारखी. एक जण घसरतो, त्याला काढायला दुसरा उडी घेतो, मग तिसरा.

धरणाचा काठ नदीच्या किंवा समुद्राच्या काठासारखा नसतो, हे आधी समजून घ्यावं. खाली जे आहे ते जुनं खोरं आहे: शेतांचे बांध, नाल्यांचे खळगे, प्रवरेचं मूळ पात्र. घोट्याएवढ्या पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की छातीएवढं, आणखी एक टाकलं की तळ नाही, असं इथं होऊ शकतं. मेमध्ये पाणी उतरलेलं असतं तेव्हा काठ रुंद आणि मोकळा दिसतो. वरचा चिखल वाळून भेगाळलेला, पोरांना वाटतं मैदानच. पाण्याजवळ तोच चिखल वरून कोरडा आणि आतून लोण्यासारखा असतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततो. वरची पाण्याची पातळ थर उन्हाने कोमट आणि खाली एकदम गार, त्यानेही दम लागतो. कपडा भिजला की जड होतो. सलवार, साडी, जीन्स, बुरखा, सगळेच.

बुडणारा माणूस सिनेमासारखा ओरडत नाही. त्याला ओरडायला हवाच मिळत नसते. डोकं मागे, तोंड पाण्याच्या रेषेवर, हात बाजूला पाणी दाबत असलेले, आणि आवाज नाही. चार पावलांवर बसलेल्या माणसाला वाटतं खेळतोय. म्हणून मुलं पाण्याजवळ असतील तेव्हा एक मोठं माणूस फक्त बघण्याच्या कामावर ठेवावं. हातात मोबाईल नको, गप्पा नकोत. अर्ध्या तासाने माणूस बदलावं.

कुणी पाण्यात गेलंच तर उडी मारू नका. पट्टीचा पोहणाराही घाबरलेल्या माणसाच्या मिठीत बुडतो. काठावर आडवं पडून काठी पुढे करा, ओढण्या एकमेकींना बांधून फेका. आम्ही प्रत्येक सहलीला पिण्याच्या पाण्याचा 20 लिटरचा कॅन नेतो. तो रिकामा झाला की बूच घट्ट लावून मुठीला दहा-बारा मीटर दोर बांधून काठावर ठेवतो. फेकला की तरंगतो, माणूस त्याला धरून राहू शकतो.

बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढणं, उलटं टांगणं, खांद्यावर घेऊन फिरवणं, हे सगळं सोडा. त्यात जीव वाचवायची वेळ जाते. श्वास चालू नसेल तर पाठीवर निजवून, हनुवटी वर करून, नाक धरून आधी तोंडाने श्वास द्यायचे. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी 30 वेळा जोरात आणि भरभर दाब, पुन्हा 2 श्वास, पुन्हा 30. माणूस हालचाल करेपर्यंत किंवा मदत येईपर्यंत थांबायचं नाही. दुसऱ्याने तोवर 108 किंवा 112 ला फोन लावायचा. हे वाचून येत नाही, एखाद्या डॉक्टरांकडून उशीवर शिकून घ्यावं. आणि बाई बुडालेली असेल तर हात लावायचा कसा म्हणून पाहत उभं राहू नये. जान जात असताना महरम-नामहरमचा सवाल मागे ठेवायचा असतो, जरूरतीला फिक्हमध्येही जागा आहे.

बायकांसाठी एवढंच जास्तीचं: लाइफ जॅकेट सगळ्यांत वरून, म्हणजे बुरख्याच्याही वरून घालायचं आणि सगळे पट्टे लावायचे. आत घातलेलं जॅकेट कापडात अडकतं. ओढणीची टोकं आत खोचायची, म्हणजे होडीच्या कशात अडकणार नाहीत. पायात बूट नकोत, सहज निघणारी चप्पल बरी. आणि मुलींना पोहणं शिकवा. बऱ्याच शहरांत पालिकेच्या तलावावर बायकांसाठी वेगळी वेळ असते, ती आपल्याच मुलींअभावी रिकामी जाते. नसेल तर चार घरांनी मिळून मागावी. मागितलेल्या ठिकाणी मिळालेली आम्ही पाहिली आहे.

आता काजवे.

ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगणं अवघड आहे, पण प्रयत्न करतो. मेच्या शेवटी वळवाची एखादी सर पडून गेलेली असते. अंधार पडला की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर एक-दोन ठिणग्या दिसतात. तासाभरात अख्खं झाड उजळतं आणि मग एक चमत्कारिक गोष्ट होते: हजारो काजवे एकदम विझतात, एकदम पेटतात. जणू झाड श्वास घेतंय. एका झाडाचा ताल शेजारच्या झाडाला मिळतो आणि उजेडाची लाट उतारावरून खाली जाते. पोरं सुभानअल्लाह म्हणायला कुणी सांगावं लागत नाही.

हा उजेड थंड असतो. काजव्याच्या पोटाच्या टोकाला ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं, त्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन उजेड पडतो, उष्णता जवळजवळ नाहीच. विजेच्या जुन्या दिव्याला अजून जे जमलं नाही ते या किड्याला जमतं. चमकणारे बहुतेक नर असतात. मादीला खूण पटवायची म्हणून हा सारा खटाटोप. अळी असताना काजवा मातीत, पाल्याखाली राहतो आणि गोगलगायी खातो, म्हणजे शेतकऱ्याचा मित्रच. पंख फुटल्यावरचं आयुष्य काही दिवसांचं. त्या काही दिवसांत जोडीदार सापडला तर पुढच्या वर्षी काजवे.

आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण गाड्या घेऊन पोचतो. हेडलाइटच्या झोतात नराची खूण मादीला दिसत नाही. मोबाईलच्या टॉर्चनेही तेच होतं. फोटोसाठी लोक झाडाखाली शिरतात, पाल्यात बसलेल्या माद्या आणि अंडी पायाखाली जातात. कुणी काचेच्या बरणीत भरून नेतं, सकाळी सगळे मेलेले. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, 1986 पासून. वनखात्याचा नाका असतो, प्रवेशशुल्क असतं, काजव्यांच्या दिवसांत रात्रीच्या वेळेचं बंधन असतं. नाक्यावर विचारून घ्यावं. आमचा सल्ला असा की शनिवार-रविवार टाळा, मंगळवार-बुधवारी जा. गाडी मुक्कामावर सोडून गावातल्या माणसाला वाटाड्या घ्या आणि पायी जा. टॉर्च लागलाच तर त्यावर लाल पातळ कागद बांधा आणि जमिनीकडे धरा. पाच मिनिटं अंधारात नुसतं उभं राहिलं की डोळे सरावतात, मग टॉर्चची गरज उरत नाही. अत्तर आणि मच्छर पळवायच्या फवाऱ्याला त्या दिवशी सुट्टी द्या. पूर्ण बाह्यांचे कपडे पुरतात.

नमाजची सोय विचारतात म्हणून. जागा चोहीकडे आहे, फक्त पाण्याच्या अगदी काठावर मुसल्ला टाकू नका, वर कठीण जमिनीवर टाका. मोबाईलला रेंज कधी असते, कधी नसते, म्हणून वेळा आधी कागदावर लिहून न्या. किब्ला आपल्याकडे पश्चिमेपेक्षा थोडा उत्तरेला झुकलेला. मे-जूनमध्ये सूर्य किब्ल्याच्या थोडा उजवीकडे मावळतो, डिसेंबरात बराच डावीकडे, हे लक्षात ठेवलं की होकायंत्र लागत नाही. आणि एक सांभाळायचं: इथं पश्चिमेला डोंगररांग आहे. सूर्य डोंगराआड गेला म्हणजे मगरिब झाली असं नाही. नफल रोजा असेल तर घड्याळ बघूनच इफ्तार करा.

जेवणाचा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. रतनवाडी, मुरशेत, पांजरे, घाटघर या गावांत महादेव कोळी आणि ठाकर समाजाची घरं आहेत, त्यांतले कितीतरी जण घरगुती जेवण देतात. आदल्या दिवशी सांगून ठेवलं की चुलीवरची तांदळाची किंवा नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, भात, धरणातले मासे मिळतात. हलालचं काय हे सरळ, न लाजता सांगावं. आम्ही सांगितलं तेव्हा ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या मावशी म्हणाल्या, “मग कोंबडी तुम्हीच कापा की, मी मसाला वाटते.” प्रश्न मिटला. जेवताना त्यांनी घरच्या भाताची चव विचारली. हा तालुका राहीबाई पोपेरे यांचा. कोंभाळण्याच्या या बाईंनी गावठी वाणांची बी-बियाणं घरात जपली आणि 2020 च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मिळाला तर तिथला गावरान तांदूळ पाच किलो विकत घ्या, घासाघीस न करता. पैसे रोख न्या.

दोन दिवसांचं वेळापत्रक आम्ही असं ठेवतो. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोचायचं, झोपायचं, असरनंतर पाण्याकडे. दुसऱ्या दिवशी फजरनंतर लगेच बाहेर, कारण पक्षी त्याच वेळी बोलतात आणि नशीब असेल तर आंब्याच्या शेंड्यावर शेकरू दिसतं, आपलं राज्यप्राणी, लांब झुबकेदार शेपटीचं. न्याहारीनंतर गाडीने धरणाला वळसा: मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर. घाटघरच्या कड्यावरून खाली कोकण दिसतं, तिथं मुलांचा हात सोडायचा नाही, कठडा असो वा नसो. परत येताना साम्रदवरून रतनवाडी. तिथं सुमारे हजार वर्षांपूर्वीचं अमृतेश्वराचं मंदिर आहे, दगडातली कोरीव जाळी आणि शेजारची चौकोनी पुष्करणी बाहेरून पाहिली तरी कारागिरांचा हात कळतो. सांदण दरी आणि रतनगड तरुणांसाठी, वाटाड्या घेऊन आणि पावसाळा सोडून.

कचरा परत आणायचा. आम्ही दोन जाड पोती नेतो, एक आपल्यासाठी आणि एक आधीच्यांनी टाकलेल्यासाठी. दुसरं पहिल्यापेक्षा लवकर भरतं. घाटघरला मुलांनी शर्यत लावली होती कोण जास्त बाटल्या गोळा करतो, आणि नऊ वर्षांची सर्वांत धाकटी जिंकली, 41 बाटल्या. ते पोतं घेण्यासाठी शेंडीत भंगारवाला भेटला. त्याने किलोवर पैसे दिले, त्याचे तिने काकडीवाल्या आजीकडून काकड्या घेतल्या, तिखट-मीठ लावून, सगळ्यांना पुरतील एवढ्या.